डोंगररान आणि त्यातलं वाघरू

मी, मनकर्णाबाई भ्र. पुंजाराम ताठे, वय बासष्ट-त्रेसष्ट, धंदा शेती, मूळ राहणार मौजे हिवरवाडी, तालुका सोयगाव, हल्ली मुक्काम मुलीच्या घरी, उस्मानपुरा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र माझ्या राजीखुशीनं सांगून लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी वार विचारला, तो मी सांगितला. वीसपासून उलटं मोजायला लावलं, तेही मोजलं. दुखणं छातीचं आहे, बुद्धीचं नाही. मला कोणी धाक घातलेला नाही, फूस लावलेली नाही. उलट मी हे करू नये म्हणून दोघातिघांनी सांगून पाहिलं.

लिहिणारे व्यंकटराव सेलूकर वकील. त्यांना मी आधीच बजावलं की कायद्याला लागतात ते शब्द तुमचे, बाकीचे माझे, आणि माझे गाळायचे नाहीत. ते म्हणाले, "मावशी, मृत्युपत्र आहे, कैफियत नाही." मी म्हटलं, मला दोन्ही लागतात. याआधी एकदा पूर्ण लिहून झालेला कागद मी फाडायला लावला, त्याबद्दल त्यांनी राग मानू नये. मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी सांगते आणि उठून खिडकीशी जाते. खाली रिक्षा वाजतात, भाजीवाला ओरडतो, आणि मला मात्र वाटत राहतं की आता कोणीतरी हिवरवाडीहून निरोप घेऊन जिना चढेल.

कलम पहिलं, घर. हिवरवाडीचं राहतं घर, मागचा गोठा आणि दारातला लिंब माझा मुलगा बन्सी पि. पुंजाराम ताठे याला मिळावा. मुलगी आशा हिला यात हिस्सा ठेवत नाही; तिला विचारूनच ठेवत नाही. माहेरी आली तर तिला ओसरीवर नाही, आतल्या खोलीत अंथरूण घालावं. हे सुनेला सांगायची गरज नाही, बन्सीला आहे.

गोठ्याची भिंत छातीइतकी आहे आणि वर उघडं आहे. मी गेल्यावर तेराव्याच्या जेवणाआधी त्यावर पत्रे घालावेत आणि दाराला आतून अडसर लावावा. दोन्ही झेपत नसेल तर तेरावं घालू नये, पत्रे घालावेत. बंद गोठ्यातून वाघरानं जनावर नेल्याचं मी तरी ऐकलं नाही. हे मी मालकांना सांगितलं होतं, बन्सीलाही सांगितलं. दोघंही "करू" म्हणाले.

कलम दुसरं, खालची काळी जमीन. ही वडिलोपार्जित आहे. वकील म्हणतात, त्यात कायद्यानं माझा जेवढा हिस्सा निघतो तेवढाच मला देता येतो. तो बन्सीला. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात थोरल्या दिरांच्या, म्हणजे आप्पासाहेबांच्या मळ्याला देत आलो आहोत, तसंच द्यावं. आप्पासाहेबांवर माझा राग आहे, तो पुढं लिहिते. रागापायी पाणी तोडू नये.

कलम तिसरं. पोस्टातलं पुस्तक आणि नथ आशाला. पाटल्या सुनेला. बोरमाळ कोणी शोधत बसू नये. ती मी लग्नानंतर मोडली आणि त्याच्या शेळ्या घेतल्या. तांब्याचा मोठा हंडा दोघींत जिला उचलवेल तिला. विळे, खुरपी, वखर आणि कुऱ्हाडी घरातच राहतील. लाकडी मुठीचा लहान विळा मात्र सुनेच्या हाताला बसतो, तो तिचा समजावा.

कलम चौथं, बंदूक. माझे पती पुंजाराम यांची एक नळीची बंदूक घरात आहे. पोलीस ॲक्शननंतर लष्करानं गावोगावची हत्यारं गोळा केली तेव्हा तीही गेली, आणि पुढं रीतसर परवान्यासकट परत आली. मालकांनी ती वर्षातून एकदा दसऱ्याला पुसली. खरी चालवली ती एकदाच, आणि तीही माझ्या सांगण्यावरून.

ते असं झालं. पोलीस ॲक्शनला नऊ-दहा वर्षं झाली होती, बन्सी रांगत होता. बोरमाळ मोडून घेतलेल्या माझ्या शेळ्यांचा चांगला कळप झाला होता. एका सकाळी कुडाचं दार मोडलेलं, आणि आत सगळ्या शेळ्या आडव्या. खाल्ली होती एकच, तीही अर्धी. बाकीच्यांचे नुसते गळे फोडले होते. एक पाट, तरणी शेळी, अजून पाय झाडत होती. गावात बिबट्यालाही वाघच म्हणतात, नाहीतर वाघरू. पंजा बघून मालक म्हणाले, "वाघरू हाय. भुकेलं असंल."

मी म्हटलं, "भूक एका शेळीत भागती. मारा त्याला."

आजही तशा शेळ्या पडलेल्या पाहिल्या तर मी हेच म्हणेन. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता गावात बोलतात की म्हातारी वाघाची कैवारी झाली.

मालक अर्ध्या शेळीपाशी झाडावर बसले. सोबत गावचा जागल्या फकिरा होता. दिवस बुडता बुडता वाघरू आलं. गोळी लागली, पण कमरेत. ते तसंच नाळेत, खालच्या अरुंद घळीत, उतरलं. सकाळी मालक म्हणाले, जखमी सोडलं तर उद्या गुराख्यांवर जाईल, आपण सुरू केलं ते आपणच संपवलं पाहिजे. दोघं नाळेत गेले. मालकांच्या हातात बंदूक होती, फकिराच्या हातात काठी. वाघरू काठीवाल्यावर आलं. मालकांनी जवळून दुसरी गोळी घातली तोवर फकिराचा उजवा खांदा हाडापर्यंत उघडा पडला होता. तो जगला, पण हात पुन्हा वर उचलला गेला नाही.

वाघरू खळ्यावर आणून टाकलं. शेजारच्या गावांतूनसुद्धा माणसं बघायला आली. मी जवळ गेले. पुढच्या एका पंजात सायकलच्या ब्रेकची तार रुतलेली होती, इतकी जुनी की वर कातडं चढलं होतं. असल्या पायानं हरीण धरवत नाही, डुक्कर धरवत नाही. कुडातली शेळी धरवते. डुकरांसाठी तसले तारेचे फास बांधाला कोण लावतं, ते जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. आप्पासाहेब लावायचे. कोणी शब्द काढला नाही. आप्पासाहेब मात्र पटका बांधून आले, वाघरावर पाय ठेवून उभे राहिले, आणि अजिंठ्याहून बोलावलेल्या फोटोवाल्याकडून त्यांनी फोटो काढून घेतला.

बंदुकीचं काय करायचं हे मी दोनदा वेगवेगळं सांगितलं आणि वकिलांनी दोनदा लिहिलं. आधी म्हटलं, बन्सीला. मग म्हटलं, नको. गेल्या साली त्यानं ती माझ्याकडं मागितली होती आणि मी दिली नव्हती. आता वाघरू मारायला कायद्याची बंदी आहे, तुरुंग होईल, असं मी त्याला म्हटलं. ते खरंही होतं. पण बंदूक दिली असती तर पुढं जे झालं ते तसं झालं नसतं, असंही मनात येतं; आणि लगेच नाळेतला फकिरा आठवतो. दोन्ही बाजूंनी मला उत्तर मिळत नाही. शेवटचं म्हणणं असं: बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यावी. ती कोणाच्याच घरात नको.

कलम पाचवं, आप्पासाहेबांबद्दल. ते हयात आहेत आणि त्यांच्या बैठकीत तो फोटो अजून लावलेला आहे. वर्षानुवर्षं सणावाराला मी त्या फोटोखाली बसून चहा प्याले. फोटो काढा असं मी म्हणत नाही. फोटोखाली पांढऱ्या रंगात "आप्पासाहेब ताठे, शिकार" असं लिहिलं आहे. त्याखाली फकिराचं नाव लिहावं. एवढं केलं तर त्यांना माझ्या मौतीला बोलवावं. नाही केलं तरी बोलवावंच, थोरले आहेत. पण खांदा देऊ देऊ नये.

कलम सहावं. मी इथं शहरात गेले तर मला हिवरवाडीला न्यावं. गाडी खर्चाची होईल, पोस्टातल्या पैशातून करावी. फर्दापूरपर्यंत डांबरी आहे, पुढं कच्चा रस्ता. पावसाळा असेल तर ट्रॅक्टर सांगावा. मला त्या वेळी हिसके बसले तरी चालतील.

कलम सातवं. यात कोणाला काही द्यायचं नाही, पण हे कळल्याशिवाय पुढचं कलम कोणाला कळणार नाही.

हिवरवाडीच्या वर डोंगराला लागून माझं एक रान आहे, मुरमाड, साग-पळसाचं, एका कोपऱ्यात झऱ्याचं डबकं. हे सासरचं नाही, माझ्या बापाचं आहे. रझाकारांच्या धामधुमीत माझ्या माहेरची सगळी माणसं गुराढोरांसकट याच झाडीत येऊन राहिली होती आणि मी टोपलीत शेणाखाली भाकरी लपवून पोचवत होते. पोलीस ॲक्शन झाल्यावर बापानं ते रान माझ्या एकटीच्या नावावर करून दिलं. त्यात पिकत काही नाही. गावची गरिबाची जनावरं चरतात, मी कोणाला अडवलेलं नाही.

गेल्या साली तिथं वाघराची मादी आली. आधी कुत्री गेली, मग एकाचं वासरू. मग भरदुपारी चरायला सोडलेली माझी मोरी गाय. मोरी माझ्या हातावर वाढलेली होती. तिची आई व्याली आणि मेली, तेव्हा मी तिला चिंधी भिजवून दूध पाजलं होतं. मी वर गेले तेव्हा ती डबक्यापाशी पडलेली होती आणि बन्सी तिच्याशेजारी उकिडवा बसला होता. त्याच्या हातात एंड्रिनचा डबा होता, कपाशीवर मारतो तोच.

मी म्हटलं, "डबा खाली ठेव."

"माय, सरक. गाय तर गेली. आता तिचा एवढा तरी उपयोग होऊ दे."

"गाय माझी हाय. मेली तरी माझीच हाय."

"मंग काय करू? बंदूक मागितली, तू दिली नाय. फारेष्टात जाऊन आलो, ते म्हणत्यात अर्ज द्या, पिंजरा आला की लावू. कवा येणार पिंजरा? माझी पोरं सांजच्याला बाहेर बसत्यात, माय. तुला वाघाची दया येती, मला माह्या पोरांचं भ्या वाटतं."

"मला त्याची दया नाय. त्यानं माझी मोरी मारली. पण एंड्रिन कोणाला वळखतंय का? आधी गिधाडं येतील, मंग कुत्री, मंग हे डबकं. सगळ्या गावाची जनावरं इथं पाणी पित्यात. पलीकडच्या गावात काय झालं ते तू बी पाह्यलंस."

त्याला ते ठाऊक होतं. पलीकडच्या गावात कोणी असंच विष घातलं, तर कुत्री मेली, गिधाडं मेली, एक गाभण म्हैस मेली, आणि वाघरू दुसऱ्या डोंगरावर निघून गेलं. तरी त्याच्या बोलण्यातही खोट नव्हती, हे मला तेव्हाही कळत होतं. मी माणसं लावून दिवस बुडायच्या आत खड्डा खणवला आणि मीठ घालून मोरीला पुरली. बन्सी लांब उभा राहून बघत होता. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि गेला.

त्यानंतरची अमावस्या यायच्या आत वाघरानं चतुराबाईची गाय मारली. चतुराबाई म्हणजे फकिराची बायको. फकिरा जाऊन बरीच वर्षं झाली. तिचं घर गावाच्या वरच्या टोकाला, माझ्या रानाच्या खाली. घरात ती, मुलगा आणि सून. एकच गाय, दुभती. दिवेलागणीला सून धार काढत होती. तांब्या भरला म्हणून आत ठेवायला गेली आणि बाहेर आली तेव्हा गाय खाली होती आणि वाघरू तिच्या मानेला. सुनेची वाचा दोन दिवस बसली होती.

सकाळी चतुराबाई माझ्या दारात आली. आयुष्यभर तिनं मला "मनकर्णाबाई, तुम्ही" असंच म्हटलं होतं.

ती म्हणाली, "तुझी गाय पुरलीस ना मीठ घालून? आता माझी बी पुरायला ये."

मी गोठ्यात गेले, मोरीची लेक कपिला सोडली आणि दावं तिच्या हातात दिलं. तिनं घेतलं.

"गाय घेती. घरात दूध लागतं. पण गाय दिली म्हणून झालं असं समजू नको. माह्या सुनेला अंगणात यायला भ्या वाटतं, ते कुठून भरून देशील?"

त्या दिवसापासून ती मला "तू" म्हणते. मला त्याचं बरं वाटतं की वाईट, ते ठरत नाही. बन्सीनं त्या दिवशी माझ्याकडं बघून "बघितलंस?" एवढंच म्हटलं, आणि मग माझ्याशी बोलणं टाकलं.

चतुराबाईच्या मेलेल्या गाईत विष घातलं गेलं. कोणी घातलं ते मी सांगितलं होतं, पण वकिलांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मावशी, हा गुन्हा आहे, नाव येऊ द्यायचं नाही." बरं. तर कोणीतरी घातलं. गाय जिची होती तिनं घालू दिलं.

मादी डबक्यापाशी मेली. गिधाडं मेली, तीन कुत्री मेली. डबक्याला काटेरी फांद्या लावून जनावरं अडवावी लागली, पाऊस पडून ते वाहून जाईपर्यंत. माणसं बघायला गेली, पण या खेपेला कोणी फोटोवाला आणला नाही. फारेष्टाचे लोक आले, सगळ्यांना विचारून गेले. कोणी काही सांगितलं नाही, मीही नाही. मादीला त्यांनी तिथंच जाळलं. जाळण्याआधी मी पाहिलं, तिला दूध होतं.

म्हणजे पिल्लू होतं. दिवाळीच्या आधी ते मला दिसलं. मी रानात गवत कापायला गेले होते, भर उन्हात. बांधावर बसलं होतं, बरगड्या दिसत होत्या, डोकं तेवढं मोठं. मी त्याला "हाड" म्हटलं. ते गेलं नाही. मग मीच विळा आणि गवताचा भारा सोडून खाली आले, आणि सुनेनं विचारलं तेव्हा छातीत दुखतंय असं सांगितलं. पुढं छातीत खरंच दुखायला लागलं आणि आशानं मला इथं आणलं.

ते पिल्लू आता मोठं होत आलं असेल. ते माझ्या रानात आहे आणि मी उस्मानपुऱ्यात. कोणाच्या कोंबड्या गेल्या असं कानावर येतं. उद्या ते काय धरील आणि कोण काय करील, याचा विचार करत मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहते. आशा म्हणते, "माय, बस." बसलं की जास्त होतं.

कलम आठवं, डोंगररान. हे मी पूर्ण हक्कानं कोणालाही देऊ शकते, असं वकील म्हणतात. बन्सीला दिलं तर ते पिल्लू वर्ष काढणार नाही. आशाला दिलं तर ती विकील. फर्दापूरच्या बाजूनं लेण्या बघायला लोक येतात, एका हॉटेलवाल्यानं आधीच विचारणा केली आहे. फारेष्टाला दिलं तर तार ओढतील आणि गरिबाची जनावरं बाहेर. म्हणून मी ठरवलं की ते चतुराबाई भ्र. फकिरा, राहणार हिवरवाडी, हिला द्यावं. माझ्या शेळ्यांपायी तिच्या नवऱ्याचा हात गेला. तिच्या घराच्या वर ते रान आहे, तिची जनावरं तिथं चरतात, आणि वाघरू आलं तर आधी तिच्या अंगणात येतं. ज्यांना आपल्या दारात त्याचं भय नाही त्यांनी त्याच्याबद्दल ठरवू नये, असं मला वाटू लागलं आहे.

यास एक अट राहील. चतुराबाई किंवा तिच्या वारसांनी सदर रानात विष घालू नये, तारेचा फास लावू नये, तसं करणाऱ्यास आत येऊ देऊ नये. तसं झाल्यास रान परत माझ्या वारसांकडं यावं.

इथवर लिहून झालं आणि मी चतुराबाईला बोलावणं पाठवलं, कारण मेल्यावर तिच्या गळ्यात काही अडकवायचं तर ते तिला आधी ठाऊक असावं. ती काल आली. एसटीनं बन्सी घेऊन आला. तो वर आला नाही, जिन्यात बसला. त्याचा खोकला मला ऐकू येत होता.

वकिलांनी तिला कलम वाचून दाखवलं. तिनं नीट ऐकलं आणि विचारलं, "ते अटीचं पुन्हा वाचा." त्यांनी वाचलं.

ती मला म्हणाली, "हे रान नाय, ही राखणदारी हाय. माह्या मालकाचा हात त्याच्यापायी गेला, गाय गेली, आता त्याच्याच पिल्लाची राखण मी करू? आणि चुकलं तर रान तुझ्या पोराला?"

मी म्हटलं, "फकिरानं कधी वाघराचा राग धरला नाय. मला म्हणाला होता, चूक तारेची हाय."

"त्यानं नसंल धरला. तो खाटेवर बसून माफ करायचा आणि जळण मी फोडायची."

वकील खाली बघू लागले. आशा चहा घेऊन आली आणि तशीच दारात थांबली. मी उठून खिडकीशी गेले, परत आले.

"मंग तुला नको का रान?"

"हवं हाय. कोणाला नको असतं? पण अट काढ."

"अट काढली तर विष घालशील?"

मला वाटलं, आता नाही म्हणेल आणि माझा जीव भांड्यात पडेल. ती म्हणाली, "ते मला आज ठाऊक नाय. परवा ते झऱ्यावर पाणी प्यालं तवा मी बघत होते. दगड उचलला, पण मारला नाय. उद्या सुनेच्या पायापाशी आलं तर काय करीन ते उद्या. तू शेळ्या मेल्या तवा आधी ठरवलं होतंस का?"

"नाय."

"मंग मला काहून आधी ठरवायला लावतीस?"

मी वकिलांना म्हटलं, अट खोडा. ते म्हणाले, "मावशी, विचार करा. अट गेली की तुमच्या हातात काही राहत नाही." मी म्हटलं, मेल्यावर तसंही काय राहणार आहे. त्यांनी त्या ओळींवर रेघ मारली आणि शेजारी मी डाव्या हाताचा अंगठा उठवला. खोडलेलं वाचता येतं तसंच राहू द्यावं. डोंगररान चतुराबाईला विनाअट द्यावं, हेच माझं शेवटचं म्हणणं. याआधीचं काही लिहिलेलं सापडलं तर ते रद्द समजावं. बन्सीनं किंवा आप्पासाहेबांच्या मुलांनी यावर कोर्टात जाऊ नये. बन्सी जाणार नाही असं मला वाटतं. खात्री नाही.

मला यानं निवांत वाटलं का, असं आशानं रात्री विचारलं. नाही वाटलं. विष घालू दिलं असतं तरी वाटलं नसतं. तरीही कागद असाच राहू दे.

चतुराबाई उठली तेव्हा जिन्यातून बन्सीचा आवाज आला. "माय, तिला लवकर सोड. एसटी चुकंल." गेल्या सालापासून तो माझ्याशी हे पहिलं वाक्य बोलला. मी म्हटलं, वर येऊन पाणी पी. तो आला, उभ्यानंच पाणी प्याला, पेला आशाच्या हातात दिला आणि म्हणाला, "गोठ्याचे पत्रे सांगितलेत. पुढल्या बाजाराला आणतो."

चतुराबाईनं चपला घातल्या. दारापर्यंत गेली आणि वळली.

"ते तुझ्या माघारी मिळणार ना मला?"

"व्हय."

"मंग मरायची घाई करू नको," ती म्हणाली. "मला ते रान एवढ्यात नको."

हे सर्व मला वाचून दाखवलं, ते मी सांगितल्याप्रमाणंच आहे. साक्षीदारांसमोर अंगठा केला, तारीख १४ मार्च १९८४, मुक्काम उस्मानपुरा, औरंगाबाद.

मनकर्णाबाई भ्र. पुंजाराम ताठे
(डाव्या हाताचा अंगठा)

साक्षीदार, ज्यांना या मृत्युपत्रात काही मिळत नाही आणि ज्यांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सही केली:

१. डॉ. मुकुंद वैजापूरकर, उस्मानपुरा. बाईंची प्रकृती तपासली. सांगताना त्या पूर्ण शुद्धीवर होत्या.

२. सौ. दमयंती बोर्डे, शेजारी, उस्मानपुरा.

लिहिणार: व्यंकटराव सेलूकर, वकील. कलम आठमधली खोडाखोड सांगणारीच्या इच्छेनं व माझ्या हातानं झाली आहे. सांगणारीचा कोणताही शब्द गाळलेला नाही, कलम सातमधलं एक नाव सोडून.